पायथन: टॅब-स्पेसची खिचडी, एरर गेला पण उत्तर चुकतंय

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

दूध संकलनाच्या हिशेबाची एक फाईल आहे, साधारण ६४० ओळींची. मूळ कोड पायथन २.७ वर चालायचा, आता ३.१२ वर आणतोय. प्रिंटचे कंस वगैरे करून झाले. मशीन विंडोज. फाईलवर आजवर तीन जणांचा हात फिरलाय: एक नोटपॅड++, एक विम, एक व्हीएस कोड.

आधी ओळ ४७ वर आलं: टॅबएरर, इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस इन इंडेंटेशन. व्हीएस कोडमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' दिलं, तो गेला. मग ओळ ११२ वर: अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल. तिथे हाताने स्पेस कमी-जास्त करून तोही घालवला. आता फाईल विनातक्रार चालते, पण बेरजा चुकतात.

दोन प्रश्न. एरर नसताना बेरीज कशी बदलली? आणि अशा फाईलला हात लावायची योग्य रीत कुठली?

(या खिडकीत ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस गळतात. म्हणून · म्हणजे एक स्पेस, → म्हणजे एक टॅब असं धरून लिहूया. कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे देतोय, फाईलमध्ये ते रोमनच आहेत.)

उंबरठा

आधी पायथन आत काय मोजतो ते बघा, म्हणजे तिन्ही-चारही एरर एकदम उलगडतील.

फाईल वाचताना तो एक चळत ठेवतो, तळाशी ०. प्रत्येक नव्या ओळीची सुरुवातीची रिकामी जागा (इंडेंटेशन, म्हणजे समास) मोजतो. चळतीच्या माथ्याइतकीच भरली तर तोच ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) चालू. जास्त भरली तर नवा आकडा चळतीवर चढतो आणि 'इंडेंट' नावाचं टोकन (खूण) बाहेर पडतं. कमी भरली तर माथ्यावरचे आकडे एकेक करून उतरतात, प्रत्येकामागे एक 'डीडेंट'. व्याकरण तपासणाऱ्या भागाला स्पेस दिसतच नाहीत, त्याला ही दोन टोकनं दिसतात. सी-जावामध्ये जे काम महिरपी कंस करतात तेच.

आता एरर:

अनएक्स्पेक्टेड इंडेंट: आकडा वाढला, पण वरच्या ओळीने नवा ब्लॉक मागितलाच नव्हता. वरची ओळ कोलनने संपत नसेल तर आत सरकायला कारणच नाही.

एक्स्पेक्टेड अ‍ॅन इंडेंटेड ब्लॉक: याच्या उलट. कोलन दिला आणि खाली आत सरकलेली ओळ नाही. इथे नवशिके हमखास फसतात ते कमेंटमुळे. फक्त कमेंट असलेली ओळ मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे इफच्या खाली नुसती कमेंट लिहून ठेवली तर ब्लॉक रिकामाच समजला जातो. तिथे पास लिहा किंवा तीन टिंबं द्या. डॉकस्ट्रिंग (अवतरणात लिहिलेलं वर्णन) मात्र चालते, कारण ती खरी ओळ आहे. ३.१० पासून हा एरर 'अमुक ओळीवरच्या इफनंतर' असं नेमकं सांगतो.

अनइंडेंट डझ नॉट मॅच: चळतीवर ०, ४, ८ आहेत आणि ओळ आली ७ स्पेसची. ८ उतरला, खाली ४ दिसला, ७ कुठेच नाही. तुमची ओळ ११२ याच जातीची. म्हणून ११२ कडे टक लावून उपयोग नसतो. ती ओळ ज्या पायरीवर उतरायला हवी ती वर कुठे सुरू झाली ते शोधायचं आणि *तिच्याशी* जुळवायचं. हाताने स्पेस कमी-जास्त केल्यावर एरर जातो याचा अर्थ एवढाच की ओळ कुठल्यातरी पायरीवर बसली. योग्य पायरीवर बसली असं नाही.

टॅबएरर: हा इंडेंटेशनएररचाच पोटप्रकार, आणि इंडेंटेशनएरर हा सिंटॅक्सएररचा. पायथन ३ प्रत्येक ओळ दोनदा मोजतो: एकदा टॅब पुढच्या ८ च्या पटीपर्यंत नेतो असं धरून, एकदा टॅब म्हणजे १ असं धरून. दोन्ही मोजण्यांचा निकाल एकच यायला हवा. वरची ओळ ४ स्पेसची (४ आणि ४), खालची एका टॅबची (८ आणि १): एका हिशेबाने आत गेली, दुसऱ्याने बाहेर आली. मग तो अंदाज करत बसत नाही, थांबतो. ८ स्पेस आणि एक टॅब शेजारी आले तरी तेच, पहिला हिशेब जुळतो (८ आणि ८), दुसरा नाही (८ आणि १).

पायथन २ मध्ये फक्त पहिली मोजणी चालायची. तुमच्या फाईलची गोम तिथेच असणार.

गवतीचहा

+१. आणि काहीही बदलण्याआधी रिकाम्या जागा *दिसू* द्या. डोळ्यांना टॅब आणि ४ स्पेस सारखेच.

व्हीएस कोड: सेटिंग्जमध्ये 'रेंडर व्हाइटस्पेस' ला 'ऑल'. स्पेस टिंबासारखी, टॅब बाणासारखा. खाली उजवीकडे पट्टीवर 'स्पेसेस: ४' किंवा 'टॅब साइज: ४' असं असतं, तिथेच क्लिक करून बदल होतात.

नोटपॅड++: व्ह्यू मेनू, शो सिंबॉल, त्यात स्पेस आणि टॅब दाखवण्याचा पर्याय. 

पायचार्म: व्ह्यू, अ‍ॅक्टिव्ह एडिटर, शो व्हाइटस्पेसेस. 

विम: कोलन सेट लिस्ट. 

गिट बॅश (विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड देण्याची खिडकी) किंवा लिनक्स टर्मिनल: कॅट हायफन मोठा ए. टॅबच्या जागी टोपी-आय (^ आणि मोठा आय) आणि ओळीच्या शेवटी डॉलर छापतो.

टॅब-स्पेसची संदिग्ध मिसळ शोधणारं टॅबनॅनी नावाचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं: पायथन हायफन एम टॅबनॅनी आणि फाईलचं नाव. पण त्याच्यावर फार विसंबू नका. एक फंक्शन पूर्ण टॅबमध्ये आणि पुढचं पूर्ण स्पेसमध्ये असेल तर ते काही म्हणत नाही, कारण पायथनच्या दृष्टीने त्यात संदिग्ध काही नाही. सगळे टॅब पकडायचे तर पायकोडस्टाइल, फ्लेक८ किंवा रफ (कोडची लेखनशैली तपासणारी साधनं) चालवा आणि डब्ल्यू१९१ (इंडेंटमध्ये टॅब) आणि ई१०१ (टॅब-स्पेस मिसळ) हे दोन नियम बघा.

चुनखडी

एवढं कशाला? व्हीएस कोडमध्ये सगळं सिलेक्ट करून 'रीइंडेंट लाइन्स', नाहीतर विममध्ये जीजी = मोठा जी. दोन सेकंदात फाईल सरळ.

उंबरठा

@चुनखडी, जावासाठी ठीक, पायथनसाठी अजिबात नाही. जावामध्ये ब्लॉक कुठे संपतो हे कंस सांगतात, एडिटर त्यावरून समास आखून देतो. पायथनमध्ये समास हीच माहिती आहे. ती बिघडल्यावर एडिटरने कशावरून ओळखायचं की ही ओळ फॉरच्या आत की बाहेर? तो अंदाज मारणार, आणि अंदाज चुकला तरी फाईल चालणार.

ब्लॅक (पायथन कोड आपोआप नीट मांडून देणारं साधन) हाही इथे कामाचा नाही. जी फाईल पार्स होत नाही, म्हणजे जिची रचना व्याकरणाप्रमाणे उलगडत नाही, तिला ब्लॅक हातच लावत नाही, 'कॅनॉट पार्स' म्हणून सोडून देतो. आणि तेच बरोबर आहे.

चुनखडी

मान्य. जीजी वालं मागे घेतो.

जुनाजाणता

पाटीपेन्सिल, तुमची बेरीज 'कन्व्हर्ट' दाबल्याक्षणी बदलली. फाईल न बघता सांगतो, कारण २.७ मधून आलेल्या कोडमध्ये हे ठरलेलं आहे. असं काहीसं असेल:

डेफ एकूण(नोंदी):
····बेरीज = ०
····फॉर लिटर, फॅट इन नोंदी:
········इफ फॅट < ३.०:
············कंटिन्यू
→बेरीज += लिटर
····रिटर्न बेरीज

(फाईलमध्ये आकडे रोमनच लागतात. गंमत म्हणजे स्ट्रिंगमधल्या देवनागरी '१२' चा इंट() बिनबोभाट बारा करून देतो, पण कोडमध्ये थेट १२ लिहिलं तर चालत नाही.)

टॅबवाली ओळ बघा. पायथन २ ला टॅब म्हणजे रकाना ८. वरच्या इफच्या रेषेत, म्हणजे फॉरच्या आत. नोंदी अशा धरा: १२ लिटर ३.५ फॅट, ९ लिटर ४.१ फॅट, १५ लिटर २.८ फॅट. तिसरी नोंद फॅट कमी म्हणून वगळली, उत्तर २१. बरोबर.

व्हीएस कोडमध्ये टॅबची रुंदी ४ होती. त्याने टॅबच्या जागी ४ स्पेस टाकल्या. ओळ आली रकाना ४ वर, फॉरच्या रेषेत, म्हणजे लूपच्या *बाहेर*. आता लूप नुसताच फिरतो, आणि संपल्यावर एकदाच बेरीज होते ती लिटरमध्ये उरलेल्या शेवटच्या किमतीची. उत्तर १५. म्हणजे जे दूध वगळायचं होतं नेमकं तेच तेवढं मोजलं गेलं! चळतीवर ४ आहेच, त्यामुळे एरर यायला जागा नाही.

टॅबवाली ओळ फॉरच्या लगेच खाली असती तर फॉर रिकामा पडून 'एक्स्पेक्टेड अ‍ॅन इंडेंटेड ब्लॉक' तरी आला असता. ब्लॉकच्या मधली किंवा शेवटची ओळ असली की गपचूप बाहेर पडते.

तर रीत अशी.

पहिलं, तुम्ही केलेले बदल बाजूला ठेवा. फेकू नका, पुढे तुलनेला लागतील. 'चार' नावाने जपून ठेवा. मूळ फाईल गिटमधून (फाईलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) किंवा बॅकअपमधून परत काढा.

दुसरं, टॅबचं रूपांतर ८ ने करा, ४ ने नाही. गिट बॅशमध्ये एक्स्पांड ही कमांड आहे: एक्स्पांड हायफन आय हायफन टी ८, मग मूळ फाईल, आणि निकाल *वेगळ्या* नावाच्या फाईलमध्ये वळवा, तिला 'आठ' म्हणूया. त्याच फाईलवर वळवलात तर शेल ती आधी रिकामी करतो आणि मग एक्स्पांडला वाचायला काही उरत नाही. हायफन आय म्हणजे फक्त ओळीच्या सुरुवातीचे टॅब. आणि विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे करू नका, तिथे एक्स्पांड नावाचा विंडोजचा स्वतःचा भलताच प्रोग्राम आहे, कॅब फाईली उलगडणारा.

एक्स्पांडच का? ४ स्पेस आणि मग टॅब अशी ओळ असेल तर पायथन ती १२ धरत नाही, ८ धरतो, कारण टॅब पुढच्या ८ च्या पटीलाच थांबतो. एक्स्पांड हेच गणित करतो. काही एडिटर मात्र प्रत्येक टॅबला सरसकट ८ स्पेस ओततात. पायथनमधूनच करायचं तर स्ट्रिंगची एक्स्पांडटॅब्ज(८) पद्धत आहे, तीही रकाना मोजूनच चालते.

तिसरं, २.७ अजून कुठे बसवलेलं असेल तर मूळ फाईलवर पायथन हायफन टीटी चालवा. मिसळ जिथे सुरू होते तिथे ते थांबतं. नसेल तर राहू दे, २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० लाच संपलाय, नव्याने बसवायचा खटाटोप नको.

अपवाद: फाईल मुळातच ४ रुंदीच्या टॅबवर लिहिलेली आणि फक्त पायथन ३ वरच चालत आलेली असेल तर ८ चा आग्रह नाही. तिथे टॅब-स्पेस संदिग्ध मिसळ असूच शकत नाही, नाहीतर ती चाललीच नसती. ८ चा नियम जुन्या, पायथन २ मध्ये वाढलेल्या कोडसाठी.

पाटीपेन्सिल

जुनाजाणता, कोड जवळपास हाच आहे, फक्त नावं वेगळी. ८ ने केल्यावर ती बेरीज बरोबर आली. पण फाईलमध्ये ३० च्या वर फंक्शन्स आहेत. ४ च्या रूपांतराने अजून कुठे काय सरकलं हे कसं कळणार? त्या फाईलवरून गेल्या आठवड्याचे रिपोर्ट निघालेत, त्यामुळे नेमकी यादी हवी.

उंबरठा

डोळ्यांनी शोधू नका. 'चार' आणि 'आठ' या दोन्ही फाईली आता पायथन ३.१२ मध्ये पार्स होतात, तर पायथनलाच विचारा. एएसटी मॉड्यूल कोडचं झाड करून देतं. त्या झाडात स्पेसची संख्या नसते, पण कुठली ओळ कशाच्या आत आहे ते असतं.

इम्पोर्ट एएसटी
चार = एएसटी.पार्स(ओपन("चार.पीवाय", एन्कोडिंग="यूटीएफ-८").रीड())
आठ = एएसटी.पार्स(ओपन("आठ.पीवाय", एन्कोडिंग="यूटीएफ-८").रीड())
प्रिंट(लेन(चार.बॉडी), लेन(आठ.बॉडी))
फॉर अ, ब इन झिप(चार.बॉडी, आठ.बॉडी):
····इफ एएसटी.डंप(अ) != एएसटी.डंप(ब):
········प्रिंट(ब.लाईननो, गेटअ‍ॅटर(ब, "नेम", "बाहेरचा कोड"))

पहिल्या प्रिंटमधले दोन आकडे सारखे आले तर पुढची यादी खरी. वेगळे आले तर एखादी ओळ थेट फंक्शनच्या बाहेर पडली आहे, आणि तिथून पुढे झिपच्या जोड्या चुकतात. मग जोड्या क्रमाने न लावता फंक्शनच्या नावाने लावा.

डंपमध्ये ओळींचे क्रमांक आपसूक येत नाहीत, त्यामुळे रिकाम्या ओळी किंवा कमेंट कमी-जास्त असल्या तरी फरक दिसत नाही. हवं तेच. एक लक्षात ठेवा, ११२ वर तुम्ही हाताने केलेला बदल 'चार' मध्ये आहे, तो फरकही यादीत येईल. यायलाच हवा.

तांबडीमाती

थोडं बाजूचं, पण याच धाग्यावर शोधत येणारे बरेच असतील म्हणून लिहितो. पीडीएफ, वर्ड, वेबपानं, व्हॉट्सअ‍ॅप इथून उचललेल्या कोडमध्ये टॅब-स्पेसपलीकडचे पाहुणे असतात.

नॉन-ब्रेकिंग स्पेस, यू+००ए०: दिसायला हुबेहूब स्पेस, पायथनला मान्य नाही. सध्याच्या आवृत्त्या स्पष्ट सांगतात: इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+००ए०. एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करून हा कोड शोधा, साध्या स्पेसने बदला. 

शून्य रुंदीची स्पेस, यू+२००बी: ही तर दिसतही नाही. हिच्या जागी काहीच टाकायचं नाही, नुसती काढायची.

मराठी टंकणाऱ्यांसाठी खास: यू+२००डी, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. 'दर्‍या', 'सुर्‍या' मधला आडवा रफार बऱ्याच कीबोर्डांवर याच जोडकाने उमटतो. स्ट्रिंगमध्ये किंवा कमेंटमध्ये असला तर काही हरकत नाही. पण पायथन ३ मध्ये चलाला देवनागरी नाव देता येतं म्हणून कोणी उत्साहाने 'वार्‍याचा_वेग' असं नाव दिलं आणि रफार जोडकाने आला, की तोच नॉन-प्रिंटेबलचा एरर. 'नाव', 'बेरीज', 'दर' चालतात, काना-मात्रांना अडचण नाही.

पीडीएफमधून घेताना तर समासच गळतो, सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटतात. त्याला कुठलंही साधन नाही, अर्थ वाचून हाताने लावायचा. अवतरणचिन्हंही वळणदार झालेली असतात, ती वेगळी बदलावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कोड मजकूर म्हणून पाठवण्यापेक्षा फाईलच जोडा.

मोगरीपार

ज्युपिटरवाल्यांसाठी (ब्राउझरमध्ये कोड तुकड्या-तुकड्याने, म्हणजे सेलमध्ये, चालवतात ते): सेलमधली पहिलीच ओळ ४ स्पेस आत असली तरी ज्युपिटरमागचं आयपायथन ती आघाडीची जागा सगळ्या सेलमधून काढून टाकतं आणि चालवतं. तोच तुकडा पीवाय फाईलमध्ये नेला की पहिल्याच ओळीवर अनएक्स्पेक्टेड इंडेंट.

आणि ३.१२ पर्यंतच्या साध्या पायथन शेलमध्ये रिकामी ओळ म्हणजे ब्लॉक संपला. मध्ये रिकामी ओळ असलेलं फंक्शन पेस्ट केलं की अर्धं तिथेच तुटतं, पुढच्या ओळीला अनएक्स्पेक्टेड इंडेंट. फाईलमध्ये तोच कोड चालतो, कारण फाईलमध्ये रिकामी ओळ मोजत नाहीत. ३.१३ च्या नव्या शेलने ही कटकट मिटवली.

चुनखडी

या सगळ्यावर उपाय एकच, टॅबवर कायमची बंदी. पेप ८ (पायथनची अधिकृत लेखनशैली) मध्ये २००१ पासून लिहिलंय, ४ स्पेस.

सांजवात

@चुनखडी, पेप ८ मध्ये हेही आहे की आधीच टॅबने लिहिलेल्या कोडशी सुसंगत राहायला टॅब वापरावेत. आणि टॅबच्या बाजूने एक बोलणं मी तरी हसण्यावारी नेणार नाही. स्क्रीन रीडरवर कोड ऐकणाऱ्याला एक टॅब म्हणजे एक पायरी. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर स्वतः बहुतांशी पायथनमध्ये लिहिलेला आहे, आणि त्याच्या कोडचा नियम आहे एका पायरीला एक टॅब.

ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये डॉक्युमेंट फॉरमॅटिंगखाली ओळीचा इंडेंट सांगण्याचा पर्याय आहे. बोलून, सुरांतून किंवा दोन्ही. सुरांचा पर्याय पायथनसाठी फार उपयोगी, ओळ आत गेली की सूर बदलतो.

एका फाईलमध्ये एकच पद्धत, एवढा नियम पाळला तर टॅबनेही काही बिघडत नाही.

चुनखडी

हा मुद्दा डोक्यात नव्हता. बरं झालं लिहिलंत.

ता.क. महिरपी कंसच हवे असणाऱ्यांनी पायथनमध्ये 'फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस' लिहून बघावं (फ्यूचरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर). उत्तर येतं, 'नॉट अ चान्स'.

गवतीचहा

तिघांचे तीन एडिटर आहेत तर पुन्हा खिचडी होऊ नये म्हणून प्रकल्पाच्या मुळाशी टिंब-एडिटरकॉन्फिग फाईल ठेवा, सगळ्या एडिटरांना एकच नियम सांगणारी. पीवाय फाईलींसाठी इंडेंट स्टाइल स्पेस, इंडेंट साइज ४. मेकफाईल असेल तर तिच्यासाठी वेगळा विभाग करून टॅबच ठेवा, मेकला रेसिपीच्या ओळीआधी टॅबच लागतो. पायचार्म ही फाईल थेट वाचतो, व्हीएस कोडला एक्स्टेन्शन आणि नोटपॅड++ ला प्लगइन लागतं.

गिटमध्ये दोन गोष्टी सांभाळा. गिट डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारी कमांड) हायफन डब्ल्यू, किंवा वेबवरचं 'हाइड व्हाइटस्पेस', रिकाम्या जागेचे बदल लपवतं. पायथनमध्ये त्यामागे बेरीज += लिटर लूपबाहेर पडलेली असू शकते, आणि डिफ म्हणेल काही बदललंच नाही. तपासणाऱ्याने ते बंद ठेवूनच वाचायचं.

दुसरं, टॅब काढण्याचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा करा, त्यात दुसरा एकही बदल नको. त्या कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) टिंब-गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज फाईलमध्ये लिहा आणि गिटच्या सेटिंगमध्ये ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाईल ला तिचं नाव द्या. नाहीतर यापुढे ब्लेममध्ये (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) प्रत्येक ओळीवर तुमचंच नाव! गिट २.२३ किंवा पुढचं लागेल.

पाटीपेन्सिल

उंबरठा, स्क्रिप्ट चालवली. वरचे दोन्ही आकडे सारखे आले, ३८ आणि ३८. यादीत पाच फंक्शन्स. त्यातल्या चार फंक्शन्समध्ये सरळ दिसतंय की ओळ लूपच्या किंवा इफच्या बाहेर पडली होती, त्यातलं एक ११२ चं, जिथे मी हाताने एक्सेप्टच्या आतली ओळ ट्रायच्या पुढे नेऊन ठेवली होती. चारही 'आठ' मध्ये बरोबर आहेत.

पाचवं कळत नाही. पावती छापणारं फंक्शन आहे. दोन्ही फाईलींत ओळ न् ओळ लावून बघितलं, आत-बाहेर काही नाही. तरी डंप वेगळा म्हणतोय.

उंबरठा

त्यात तिहेरी अवतरणातली स्ट्रिंग आहे का? पावतीचं शीर्षक वगैरे?

पाटीपेन्सिल

आहे. चार ओळींचं. तारीख, गाव, लिटर, दर असे रकाने.

उंबरठा

मग तेच. तिहेरी अवतरणाच्या आत पायथन समास मोजत नाही, तिथली प्रत्येक स्पेस आणि टॅब हा मजकुराचा भाग. पण एक्स्पांडला काय माहीत अवतरण कुठे सुरू झालं? त्याने हायफन आय असूनही त्या ओळींच्या सुरुवातीचे टॅब उलगडले, कारण त्याच्या दृष्टीने तीही ओळीची सुरुवातच. 'चार' मध्ये तिथे ४ स्पेस आहेत, 'आठ' मध्ये ८, आणि मूळ फाईलमध्ये टॅब होता. म्हणजे या एका जागी 'आठ' ही चूकच आहे.

या फंक्शनपुरतं मूळ फाईलकडे बघा आणि जिथे टॅब होता तिथे स्ट्रिंगमध्ये उलटी तिरपी रेघ आणि टी असं लिहा. छापताना टॅबच उमटेल, आणि पुढे कोणी कितीही वेळा रूपांतर केलं तरी हलणार नाही. स्ट्रिंगच्या आधी आर लावलेला नाही ना एवढं बघून घ्या, आर असेल तर टॅबऐवजी ती दोन अक्षरंच कागदावर छापली जातील.

पाटीपेन्सिल

आर नाही. तीन ठिकाणी टॅब होता, तिन्ही बदलले. छापून बघितलं, दराचा रकाना मुळात होता तिथेच येतोय.